लोखंडाला पाठ दाखवायची नाही

नागासाकीच्या त्या हॉटेलात नाश्त्याला भाजलेला मासा होता. बान बुनीने त्याचा एक घास घेतला आणि बशी बाजूला सारली. मासा कालचा होता. सगळा जन्म बंदराच्या काठी काढलेल्या बाईला कालचा मासा आजचा म्हणून खपवता येत नाही, मग हॉटेल कितीही भारी असो. तिने पिशवीतून घरच्या लाल तिखटाची ट्यूब काढली, भातावर रेघ ओढली आणि कालवून खाऊ लागली. शेजारच्या टेबलावरचं जपानी जोडपं हळूच बघत होतं. बघेनात का.

समोर तिचा मुलगा इनछोल आणि सून जुरान बसले होते. ही दोघं सेऊलला राहायची. बुनी एकटी बुसानच्या योंगदो बेटावर, टेकडीच्या पोटातल्या दोन खोल्यांच्या घरात. तिघं मिळून पहिल्यांदाच परदेशी आली होती. बुनी तर आयुष्यात पहिल्यांदाच, शहात्तराव्या वर्षी.

"आई, आमची बस साडेनऊला आहे," इनछोल म्हणाला. "दिवसभराची फेरी आहे, आणि सगळीकडे पायऱ्याच पायऱ्या. तू इथेच थांब. खाली सोफा आहे, खिडकीतून बंदर दिसतं. चार वाजता येतोच आम्ही."

"मी काय छत्री आहे, दारात ठेवून जायला?"

"तसं नाही गं."

"अहो आई, तुमच्या कमरेसाठीच म्हणतायत ते," जुरान म्हणाली. पोरगी वाईट नव्हती. नवऱ्याच्या बोलण्याला कायम ठिगळ लावत बसायची, एवढंच.

कमरेचं निमित्त होतं. चांद्र नववर्षाच्या सुट्टीनंतर बुनी घराखालच्या पायऱ्यांवरून पडली होती. तासभर तशीच पडून होती. दह्याच्या बाटल्या पोचवणाऱ्या बाईला ती दिसली. डावं मनगट मोडलं, कंबर ठेचली. बर्फावरून पाय घसरला, असं तिने मुलाला सांगितलं. घरापर्यंत एकशे तेरा पायऱ्या. इनछोलने तेव्हाच ठरवून टाकलं की आई आता तिथे राहायची नाही. सेऊलजवळच्या एका वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती, खिडकीबाहेर बाग वगैरे. सोमवारी परत गेलं की कागदावर सही. ही सहल त्या सहीच्या आधीची समजूत होती, हे बुनीला विमानातच कळलं होतं. ज्या मुलाने दहा वर्षांत तिला कधी समोरच्या बेटावर नेलं नाही, तो उगाच समुद्र ओलांडून फिरवून आणत नसतो.

तिने चमचा ठेवला.

"त्या डोंगराच्या डोक्यावर चौथरा दिसतोय?" तिने खिडकीकडे बोट केलं. बंदराच्या कडेने घरं डोंगरावर चढत गेली होती आणि सगळ्यांच्या वर एक सपाट जागा होती. माणसं तिथून बंदर बघतात, हे काल वाटाड्याने सांगितलं होतं. "मी तिथे चालत जाते. चालत परत येते. चारच्या आत. ट्राम नाही, टॅक्सी नाही. जमलं तर मी माझ्या घरी राहणार, आणि त्या आश्रमाचं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाहीस. नाही जमलं तर सोमवारी मीच तुझ्या हातात पेन देईन."

इनछोल हसला. तो हसला नसता तर कदाचित तिने हट्ट सोडूनही दिला असता.

"आणि तू ट्रामने गेलीस तर मला काय कळणार?"

"मी सांगेन ना."

"सांगितलंस म्हणजे झालं?"

"शाळेत तुला किती मार्क पडले ते मला कोण सांगायचं? तूच. मला वाचता तरी येत होतं का? मी मानायचे. आता तू मान."

जुरान खाली बघून हसली. इनछोलने घड्याळ बघितलं, डोंगर बघितला आणि आईकडे बघितलं. पहिल्या चढावरून परत येईल आणि प्रश्न मिटेल, हा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. "ठीक," तो म्हणाला. "पण वर पोचलीस की फोन कर. तोंड दिसलं पाहिजे."

"दिसेल," बुनी म्हणाली.

तिने उन्हाची टोपी घातली, फुलाफुलांचं बिनबाह्यांचं जाकीट चढवलं, खिशात गोड गोळ्यांची पुडी टाकली. दारातून बाहेर पडल्या पडल्या कानातलं ऐकायचं यंत्र काढून तेही खिशात टाकलं. इनछोल मागून काहीतरी सांगत होता. आता सांगत बसू दे.

बुनी अठ्ठावीस वर्षं कांगकांगवाली होती. योंगदोच्या गोदीत जहाजं दुरुस्तीला येत, तेव्हा त्यांच्या अंगावरचा गंज, जुना रंग आणि शिंपले हातोडीने ठोकून काढायचं काम बायका करत. दोन दोरांवर फळी लटकवायची, तिच्यावर बसायचं आणि दिवसभर ठोकायचं. त्या आवाजावरूनच त्यांना ते नाव पडलं. चेहऱ्याला फडकं, कानात कापूस, आणि कापसाचा काही उपयोग नाही. पन्नाशीपर्यंत सगळ्यांचे कान गेले. इनछोल चार वर्षांचा असताना त्याचा बाप बोटीवरून परत आला नाही. त्यानंतरची त्याची शाळा, कॉलेज, सेऊल, सगळं त्या हातोडीतून निघालं. तो जिच्या जोरावर साहेब झाला तीच बाई आता त्याला सोफ्यावर ठेवायची होती.

बंदराच्या कडेने ती चालत सुटली. मार्च संपत आला होता, वारा गार होता, पण उन्हात बरं वाटत होतं. परदेश परदेश म्हणून जुरानने तिला महिनाभर घाबरवलं होतं. तिथे भाषा कळत नाही, पाट्या वाचता येत नाहीत. बुनीला हसूच आलं. ज्याला ऐकू येत नाही त्याला सगळीकडे सारखंच. ती गेली तीस वर्षं माणसांचे हात, भुवया आणि ओठ बघूनच जगत होती. इथल्या माणसांनाही हात, भुवया आणि ओठ होते. उलट सेऊलच्या माणसांपेक्षा इथली जास्त वाकत होती, त्यामुळे काम सोपंच.

धक्क्याला पांढरं प्रवासी जहाज लागलं होतं, दहा मजली इमारत आडवी ठेवावी एवढं. माणसं त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढत होती. बुनीने पाण्यालगतचा पट्टा बघितला. रंगाखालून तांबूस फोड वर आले होते. आठ बायका, तीन आठवडे, असं तिने मनाशी म्हटलं आणि जीभ टाळ्याला लावून च्यक केलं. ते इतक्या मोठ्याने झालं की फोटोवाला वळून बघू लागला. बुनीला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, त्यामुळे तिचं हळू बोलणंही गोदीतलंच असे. खाडीपलीकडे अवजड माल उचलायची मोठी यारी उभी होती आणि तिच्या पायाशी एक काळं जहाज कोरड्या गोदीत चढवलेलं. तिथे आता यंत्रं असतील. असोत. यंत्रांचे कान तरी जात नाहीत.

बाकावर बसून तिने विकतच्या भाताच्या गोळ्याचा कागद सोडला. दुसरा घास घ्यायच्या आत आकाशातून घार आली आणि अर्धा गोळा उचलून गेली. बुनीने घारीला बुसानच्या भाषेत अशा काही शिव्या दिल्या की समोरून जाणारा पोलीस थबकला. मग तिने उरलेला गोळा त्याच्याकडे बघत बघत शांतपणे खाल्ला आणि उठली. साडेदहा वाजले होते.

ट्रामची लाइन संपली तिथून चढ सुरू झाला. आणि चढ कसला, पायऱ्याच. घरांच्या मधून हातभर रुंद वाटा वर जात होत्या. गाडी जायचा प्रश्नच नव्हता. पायऱ्यांवर तोकड्या वाकड्या शेपटीची मांजरं बसली होती. एका घराबाहेर मासे वाळत होते, आणि ते आजचे होते. बुनी थांबली. एवढ्या लांब येऊन हे तर तिच्याच आळीसारखं निघालं. परदेश बघायला आणलं म्हणे पोराने. खालच्या रुंद रस्त्यावरून बसने फिरणाऱ्यांना हे दिसणारही नव्हतं.

चढायला तिला काही वाटत नव्हतं. गुडघे कुरकुरत होते पण ऐकत होते. वीस पायऱ्या, मग एक श्वास, पुन्हा वीस. चढताना माणूस पडत नाही. पडतो तो उतरताना.

दुसऱ्या वळणावर एक म्हातारी भेटली. बुनीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. हातात पिशवी, पिशवीतून मुळ्याचा पाला बाहेर आलेला. ती दहा पायऱ्यांनी टेकत होती. बुनीने काही न विचारता तिची पिशवी घेतली. म्हातारी वाकली, पुन्हा वाकली, मग स्वतःच्या नाकावर बोट ठेवून म्हणाली, "कियो." बुनीला वाटलं हिच्या नाकाला काही झालं. मग उमगलं, ही नाव सांगतेय. तिनेही छातीवर हात मारून सांगितलं, "बुनी." ते वरच्या दोन घरांनी ऐकलं असावं, कारण एक खिडकी उघडली.

दोघी बोलत चढू लागल्या. कियो जपानीत, बुनी कोरियनमध्ये, आणि दोघींचं अगदी व्यवस्थित चाललं होतं.

"मुलगे किती?" बुनीने बोटं दाखवून विचारलं.

कियोने दोन बोटं वर केली आणि मग हात लांब, फार लांब, डोंगरापलीकडे फेकला.

"माझा एकच. पण तोही तिकडेच," बुनी म्हणाली. "आणि मला उचलून तिकडे न्यायला निघालाय."

कियोने मान हलवली. कळलं असेलच असं नाही, पण मान योग्य जागी हलली.

वाटेत एका दारापाशी कियो वळली आणि बुनीला हाताने बोलावू लागली. आत काचेची खोली होती. बुनीला वाटलं हिचं घर इकडून असेल. आत गेली, दार मिटलं आणि खोली हलली. काचेबाहेर छपरं तिरकी खाली सरकू लागली. डोंगराच्या उताराला लागून चढणारी लिफ्ट होती ती. म्हाताऱ्यांची सोय व्हावी म्हणून केलेली. कियो कौतुकाने तिच्याकडे बघत होती, पाहुणीला घरातलं गोड खायला घातल्यासारखी.

वर दार उघडलं तेव्हा तिच्या हिशेबाने दोनशेवर पायऱ्या तिच्या पायाखालून गेल्या होत्या, पाय न उचलता.

कुणी बघितलं नव्हतं. फोन लावला असता तर इनछोलला तिचं तोंड दिसलं असतं, पायऱ्या दिसल्या नसत्या. चौथरा आता जवळ होता. पण चालत जाते असं ती म्हणाली होती, आणि मी सांगेन ते मान असंही म्हणाली होती. आता खोटं सांगितलं तर जिंकूनही ते घर तिचं राहणार नव्हतं. प्रत्येक पायरीवर हीच आठवण आली असती. तिने कियोच्या हातात पिशवी दिली आणि बोटाने खाली दाखवलं.

कियो गोंधळली. वर, वर, असं हाताने सांगू लागली. बुनीने दोन्ही पायांवर थापा मारल्या. "पायाने. माझी पैज आहे." आणि ती लिफ्टच्या शेजारच्या जिन्याच्या तोंडाशी गेली.

तिथे तिचे पाय थांबले.

खालपर्यंत सरळ उतरत गेलेला जिना होता. पडल्यापासून दोन महिन्यांत एवढा जिना तिने वरून बघितला नव्हता. डावं मनगट आपोआप पोटाशी आलं. भीती वाटली, खरीखुरी. पोराचं बरोबर असेल का, असंही एकदा मनात येऊन गेलं.

गोदीत पहिल्या दिवशी मुकादम बाईने तिला हातोडी द्यायच्या आधी एक गोष्ट शिकवली होती. लोखंडाला पाठ दाखवायची नाही. शिडीवरून उतरायचं ते जहाजाकडे तोंड करून, उलटं, पायाने पायरी चाचपत. जी पाठ फिरवते तिच्या हाताला धरायला काही उरत नाही. अठ्ठावीस वर्षांत दोघी पडल्या, दोघींनीही पाठ फिरवली होती. साठीला गुडघे गेले तेव्हा बुनी घराच्या पायऱ्याही तशाच उतरू लागली, पायऱ्यांकडे तोंड करून, उलटी. योंगदोच्या त्या आळीत निम्म्या म्हाताऱ्या तशाच उतरायच्या. कुणी हसायचं नाही.

हसले ते सेऊलचे. नववर्षाला जुरानचा भाऊ बायकोमुलांसह आला होता. सगळे मासे खायला खाली निघाले. बुनी नेहमीसारखी उलटी उतरू लागली, तर त्या भावाच्या पोराने फोन काढून चित्रण सुरू केलं आणि सगळ्यांना हसू आवरेना. इनछोल तिच्या बऱ्या कानाशी आला आणि म्हणाला, "आई, सरळ उतर ना. लोक बघतायत." तिने ऐकलं. त्या दिवशी जमलंही. पाहुणे गेले, पण ते वाक्य गेलं नाही. दोन दिवसांनी बाजाराला निघाली तेव्हा आळीत कुणी नव्हतं, तरी ती सरळ उतरली. आणि पडली.

हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हती.

"बघू देत लोक," ती आता मोठ्याने म्हणाली, वळली, चढाकडे तोंड केलं आणि उजवा पाय मागे टाकला. पायरी मिळाली. मग डावा. कठडा हातात होता, दगड डोळ्यांसमोर होता. तीसेक पायऱ्यांनंतर भीती कुठे गेली ते कळलं नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा ताल पायांत आला आणि ती खालपर्यंत गेली, श्वास घेतला आणि तोच जिना चढून पुन्हा वर आली. कियो अजून तिथेच उभी होती. ती बुनीकडे बघत राहिली. मग तिने पिशवी खाली ठेवली, कठडा धरला, वळली आणि उलट्या तीन पायऱ्या उतरून बघितल्या. गुडघ्यावर हात ठेवला. पुन्हा दोन उतरली. तिच्या तोंडावर जे आलं ते कुठल्याही भाषेत सारखंच असतं. इतकी वर्षं हे मला कुणी सांगितलं का नाही, असा राग होता तो. बुनीने तिला खिशातली गोळी दिली.

चौथऱ्यावर पोचायला एक वाजून गेला. खाली सगळं बंदर होतं, पांढरं जहाज, यारी, बोटांच्या पेरांएवढी घरं. बुनीने फोन लावला आणि पडदा तोंडासमोर धरला. इनछोलचा चेहरा आला, मागे बसची खुर्ची.

"पोचलीस?" त्याला खरं वाटत नव्हतं.

"यंत्र खिशात आहे, ऐकू येत नाही," बुनी म्हणाली. "हे बघ बंदर. एक चूक झाली होती, मध्येच लिफ्टमध्ये बसले. परत खाली जाऊन चढून आले. आता उतरते."

इनछोलचे ओठ हलले. टॅक्सी, एवढं तिला वाचता आलं. आई, पुरे, टॅक्सी. तिने फोन बंद केला.

उतरणीला ती पहिल्या पायरीपासून उलटी लागली. शाळेतल्या मुली बाजूला झाल्या आणि वाकल्या. एका पोस्टमनने थांबून वाट दिली. यांचं काही नव्हतं, परकी माणसं. पण लिफ्टच्या खालच्या जिन्यावर आली तेव्हा खालून वीस-पंचवीस जणांचा गट चढत होता, हातात एकसारखी झेंडी, अंगावर चमकदार जाकिटं. ओठ बघितले आणि बुनीच्या कपाळाला आठी पडली. कोरियन होते. आपलीच माणसं.

पुढच्या बाईने तिची टोपी आणि जाकीट बघून ती कुठली ते ओळखलंच. तोंड समोर आणून सावकाश विचारलं, "आजी, उलट्या का उतरताय?"

"गुडघे आहेत म्हणून. तुझेही होतील, तेव्हा आठवेल."

गटात हशा पिकला. दोघातिघांनी फोन वर केले. आणि गटाच्या मागून, माणसं बाजूला सारत, घामाघूम इनछोल वर येताना दिसला. बस अर्ध्यातच सोडून दोघं आली असावीत, कारण मागे जुरानही होती, चपला हातात घेऊन. त्याने आईला बघितलं, फोन बघितले, हसणारे चेहरे बघितले, आणि तो कानांपर्यंत लाल झाला.

त्याचे ओठ हलले. यंत्र अजून खिशातच होतं, पण ते वाक्य ऐकायची बुनीला गरज नव्हती. त्याचा आकार तिला पाठ होता. आई, सरळ उतर ना. लोक बघतायत.

बारा पायऱ्या उरल्या होत्या. बुनीने कठडा घट्ट धरला आणि मान वळवली. तिला हळू बोलता येत नव्हतं, आणि येत असतं तरी आज ती बोलली नसती.

"मागच्या वेळीही हेच म्हणालास. मी ऐकलं. सोळा वर्षं उलटी उतरतेय, एकदाही पडले नाही. तू म्हणालास म्हणून सरळ उतरले आणि एक्केचाळिसाव्या पायरीवर पडले. म्हातारी झाले म्हणून नाही पडले, इनछोल. तुझं ऐकलं म्हणून पडले."

जिन्यावरचं हसणं थांबलं. वर केलेले फोन एकेक करून खाली आले.

इनछोल तिच्या तीन पायऱ्या खाली उभा होता. तिने खिशातून यंत्र काढून कानात घातलं. हे तरी ऐकायला हवं होतं.

"तू म्हणालीस बर्फ होता," तो म्हणाला.

"बुसानला बर्फ किती वेळा पडतो रे? तू तिथेच वाढलास ना? एवढं मोठं खोटं बोलले आणि तुला शंकासुद्धा आली नाही."

जुरान त्याच्या मागे येऊन उभी राहिली. या वेळी तिने ठिगळ लावलं नाही.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" इनछोलने विचारलं.

"तू मनाला लावून घेतलं असतंस. लहानपणापासून तसाच आहेस. म्हटलं, म्हातारी होती, पडली, असं समजू दे, त्यात माझं काय जातंय. पण तू तेच धरून माझं घर काढून घ्यायला निघालास. मग मी गप्प का राहू?"

बुनीने पुन्हा दगडाकडे तोंड केलं आणि उजवा पाय मागे टाकला. बारा, अकरा, दहा. इनछोल एकेक पायरी मागे सरत तिच्या खाली राहिला, हात अर्धवट पुढे, न लावता. सगळे बाजूला उभे होते. शेवटच्या पायरीवर तिने पाय टेकला तेव्हा त्याने डोळे पुसले. आता लोक बघतायत हे त्याच्या लक्षात नसावं.

"तीन वाजलेत," जुरान म्हणाली. "चारच्या आत म्हणाला होतात ना तुम्ही, आई?"

रस्त्यावर आल्यावर इनछोलचा हात सवयीने टॅक्सीसाठी वर गेला. बुनीने त्याच्याकडे बघितलं. हात खाली आला. मग तिघं बंदराच्या कडेने चालत निघाली, बुनी पुढे आणि ती दोघं मागे. जुरानच्या पायाला फोड आले होते, इनछोलला दम लागला होता. बाकापाशी तो म्हणाला, जरा बसूया का. बुनी म्हणाली, हॉटेलात सोफा आहे, तिथे बस.

चारला दहा मिनिटं कमी असताना ती दारात पोचली. हॉटेलच्या दारावरचा पोऱ्या वाकला, तीही वाकली. इनछोल मागे पायरीवरच उभा राहिला होता.

"सोमवारी मी सेऊलला जात नाही," तो म्हणाला. "तुझ्याबरोबर योंगदोला येतो. त्या पायऱ्यांना अर्ध्या वाटेत कठडाच नाही. बसवून घेतो. कुठल्या बाजूला हवा?"

"चढताना उजव्या हाताला."

"आणि उतरताना? उतरतानाचा दुसऱ्या बाजूला लागेल ना?"

"एकच पुरे," बुनी म्हणाली. "मी चढताना जिकडे बघते तिकडेच बघत उतरते."